काटा पडला तर म्हातारी

४ मार्च, सोमवार

आज पुन्हा काटा. म्हणजे पुन्हा म्हातारी.

म्हातारी म्हणजे बंदरावरची जुनी क्रेन. शिडी गंजलेली, केबिनच्या एका खिडकीला काचेऐवजी पत्रा, आणि ब्रेक बाईसाहेबांच्या मनात आलं तरच लागतो. शेजारी नवी उभी आहे. कळ सोडली की जागच्या जागी थांबते, आणि आतली खुर्ची अशी की उचलून घरी आणावी. सकाळच्या पाळीला आम्ही दोघं चालक, मी आणि पैलवान. पैलवान इतका बारीक की फुंकर मारली तर उडेल, म्हणून ते नाव. दोन माणसं, दोन क्रेन. कोणी कशावर चढायचं हे यार्डसाहेब रोज सकाळी आपल्या टेबलावर नाणं गरकन फिरवून ठरवतात. छापा पडला तर नवी माझी, काटा पडला तर पैलवानाची. हा नियम मी आले त्या दिवशी त्यांनीच केला.

मी आल्यापासून घरच्या कॅलेंडरवर खुणा करते आहे. आज मोजल्या. सव्वीस पाळ्या, छापा सात.

साहेबांना म्हटलं, "हे जरा जास्तच होतंय."

ते हसले. "बाई, नशिबाशी भांडता का?"

"नशीब तुमच्या खिशात असतं साहेब, म्हणून तुम्हाला विचारते."

पैलवान तेवढ्यात बाहेर सटकला. माझ्या नजरेला नजर देत नाही हल्ली. आयती नवी मिळतेय, कशाला देईल.

हे लिहून ठेवते आहे, कारण उद्या कोणी म्हणायला नको की बाईला भास झाला.

६ मार्च, बुधवार

काल काटा, आज काटा. पेटी खाली सोडताना ब्रेक दाबला, तरी ती वीतभर घसरलीच. खालच्या हमालांनी वर बघून शिव्या घातल्या. मला नव्हेत, म्हातारीला. तरी मलाच लागल्या.

संध्याकाळी लेकीला विचारलं. ती कॉलेजात संख्याशास्त्र शिकते. मला वाटायचं, म्हणजे आकड्यांच्या बेरजा करत असतील.

"सव्विसात सात," मी म्हटलं. "लबाडी आहे की नाही, सांग."

तिने वहीत बराच वेळ काहीतरी खरडलं. मग म्हणाली, "आई, समज शंभर बायका आहेत. शंभर क्रेन, आणि सगळ्यांची नाणी अगदी सच्ची. तरीसुद्धा त्यांतल्या दीड बाईच्या वाट्याला सात किंवा त्याहून कमी छापे येतील."

"मग मी ती दीड बाई?"

"असशीलही. हा संशय झाला, पुरावा नाही. पुरावा हवा तर नाणं हवं. तेच. पुष्कळ वेळा उडवून बघायला हवं."

सासूबाई पलंगावरून म्हणाल्या, "दीड बाई! हिच्या सासऱ्यांना अर्धीच पुरून उरली होती."

नवरा गेल्यापासून घरात आम्ही तिघीच. कोणी कोणाचं ऐकून घेत नाही, पण घर चालतं.

७ मार्च, गुरुवार

आज चढले तर म्हातारीच्या लोखंडी बाकावर उशी! नवीकोरी, निळ्या खोळीची. खाली वाकून बघितलं, तर पैलवान नवीच्या शिडीपाशी उभा राहून वर बघत होता. म्हणजे स्वतः खुर्चीत बसायचं आणि मला उशी पाठवायची. जखमेवर मीठ. दिली खाली फेकून. त्याने मुकाट्याने उचलली, धूळ झटकली आणि गेला.

जेवणाच्या सुट्टीत जवळ येऊन विचारतो, "ताई, ब्रेक धरतोय का?"

मी म्हटलं, "तुला काय त्याचं? तुझा धरतोय ना?"

घरी येताना लेक बंदराच्या कठड्यावर बसलेली दिसली. मैत्रिणीची वाट बघत होती म्हणे. मैत्रीण काही आली नाही. ऊन केवढं होतं, तोंड लालबुंद झालं होतं पोरीचं.

९ मार्च, शनिवार

सरळ मागितलं. सकाळी सगळे ऑफिसात असताना म्हटलं, "साहेब, नाणं मला उद्याच्या सुट्टीपुरतं द्या. मला ते तपासायचंय."

मग हशा पिकला. साहेब मात्र हसले नाहीत. नाणं जड आहे, जुनं, हल्ली चालत नाही. त्यांनी ते तळहातावर धरलं आणि म्हणाले, "न्या. घरी नेऊन त्याचं लोणचं घाला. सोमवारी मात्र माझ्या टेबलावर पाहिजे."

इतक्या सहज देतील असं वाटलं नव्हतं. चोर एवढा बेफिकीर असतो? असतो. मुरलेला असला की असतो.

१० मार्च, रविवार

हात भरून आलेत. चारशे वेळा उडवलं. लेक म्हणाली, शंभरात काही कळायचं नाही, चारशे तरी हवं. दोनशेच्या आसपास छापे यावेत, दहा-वीस इकडेतिकडे चालेल, त्याहून फारच लांब गेलं तर नाण्यात खोट. मी उडवायची, ती वहीत रेघा मारायची. अर्ध्यावर तिने उडवायला घेतलं.

सासूबाईंनाही खेळायचं होतं. खांद्यामुळे त्यांचा हात वर जात नाही, म्हणून त्या ताटावर नाणं भोवऱ्यासारखं फिरवत बसल्या. "मेला सारखा काटाच पडतोय," म्हणून कुरकुरायला लागल्या. लेकीने नाणं काढून घेतलं. "आजी, तुझं धरत नाही. उडवायचं असतं, हवेत. सगळं सारखं पाहिजे."

शेवटी मोजलं. छापा दोनशे सात.

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे सच्चं आहे." पोरगी रडवेली झाली होती. कॉलेजात हाच प्रकल्प म्हणून द्यायचा असणार, आता त्यात दाखवायला काही राहिलं नाही. मी म्हटलं, जाऊ दे गं, दुसरा विषय घे. तर ताडकन उठून गच्चीवर गेली.

दोनशे सात. सात तर माझ्याच बाजूने जास्त. म्हणजे नशीबच माझ्यावर उलटलंय म्हणायचं? मला नाही पटत. आकडे पटतात, पण मन पटवून घ्यायला तयार नाही. असं असलं तर माणसाने कोणाचं ऐकावं?

११ मार्च, सोमवार

नाणं परत दिलं. साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "काय निघालं?"

खोटं बोलायचं नव्हतं. "दोनशे सात छापे. चारशेत."

"म्हणजे?"

"म्हणजे सच्चं."

ऑफिसात कोणी टेबल बडवलं, कोणी शिट्टी मारली. साहेबांनी नाणं फिरवलं. काटा. चढले.

दुपारी म्हातारीने दगा दिला. पेटी हवेत होती, मी ब्रेक दाबून धरला होता, तरी ती सरकायला लागली. हळू नाही, धाडकन. खाली चार हमाल. त्यांतला म्हातारा ओरडला आणि चौघं बाजूला पळाले. जमिनीपासून पुरुषभर उंचीवर ब्रेकने एकदाचं धरलं, दोर ताणला गेला आणि पेटी झुलत थांबली. माझा पाय ब्रेकवरून काढता येईना. खाली उतरून फिटरला बोलवा म्हटलं, तर साहेब म्हणाले, "वर कळवलंय. म्हातारी वर्षानुवर्षं चालतेय बाई. हात बसायला वेळ लागतो."

माझा हात! पंधरा वर्षं क्रेन चालवतेय मी, इथे यायच्या कितीतरी आधीपासून. यांचा हात नाण्यावर बसलाय तेवढा माझा क्रेनवर बसलाय.

घरात सांगणार नव्हते. पण लेकीने दारातच विचारलं, "आज कुठली?" रोज पहिला प्रश्न हाच. आणि माझं तोंड बघून पुढचं विचारलंच नाही.

१२ मार्च, मंगळवार

बाई, तू मूर्ख आहेस. मठ्ठ आहेस. शंभरातली दीड नव्हेस, एकटी अख्खी मूर्ख आहेस.

आज साहेब नाणं फिरवत होते आणि मी बघत होते. रोजच बघते. टेबलावर जाड काच आहे. ते नाणं उभं धरतात, बोटाने टिचकी मारतात, ते भोवऱ्यासारखं फिरतं, झोकांड्या खातं, आडवं होतं. रोज हेच! त्यांनी ते हवेत कधी उडवलंच नाही. आणि आम्ही घरी काय केलं, तर चारशे वेळा उडवलं. फिरवलं फक्त सासूबाईंनी, आणि त्यांचं आम्ही धरलं नाही.

तिथेच म्हटलं, "साहेब, नाणं पुन्हा द्या."

या वेळी साहेब चिडले. "अहो, एकदा खात्री केलीत ना?"

"चुकीची केली. तुम्ही फिरवता, मी उडवलं. हवेत ते वेगळं वागतं आणि काचेवर वेगळं वागत असेल."

"नाण्याला काय कळतं हवा कुठली नि काच कुठली?"

"तेच बघायचंय."

ते उठून उभे राहिले. "न्या रविवारी. पण या वेळी खोट्या ठरलात तर महिनाभर म्हातारी तुमची. नाणं न फिरवता. आहे कबूल?"

"कबूल," मी म्हटलं. माझ्या मागे पैलवान पुटपुटला, "नको ना ताई." याला काय जातंय!

१७ मार्च, रविवार

मधल्या दिवसांचं लिहीत नाही. तीन पाळ्या म्हातारी, एक नवी. पेट्या जमिनीला घासतच उचलत होते, जास्त वर नेल्याच नाहीत. कामाला उशीर झाला, बोलणी खाल्ली, खाल्ली तर खाल्ली.

आज भिंतीवरचा मोठा आरसा काढून जमिनीवर आडवा ठेवला. काच ती काच. सासूबाईंना आज मानाचं पान. पहिलं नाणं त्यांनीच फिरवलं. काटा. "बघ," म्हणाल्या, "माझं तेव्हाच धरलं असतं तर?"

लेक आज अंगात आल्यासारखी करत होती. कोणी फिरवायचं, किती जोरात, नाणं आरशावरून घरंगळलं तर ते मोजायचं नाही, सगळं तिने आधी लिहून ठेवलं. आपल्याला हवं तसं मागाहून ठरवायचं नाही म्हणे. शंभर माझे, शंभर तिचे, शंभर सासूबाईंचे, आणि उरलेले शंभर खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या काकूंचे. त्यांना कशासाठी ते सांगितलंच नव्हतं, कारण माहीत असलं की हात वळतो.

चारशेत छापे एकशे अठरा.

लेकीने रेघा पुन्हा मोजल्या. मग म्हणाली, "थांबा." घरातलं साधं चालू नाणं घेतलं, तेही चारशे वेळा फिरवायला लावलं. काकू म्हणाल्या, "अगं, माझे कपडे शिवायचे राहिलेत." पण बसल्या. त्या नाण्याचे छापे एकशे चौऱ्याण्णव. म्हणजे आरसा सरळ, हात सरळ, नाणंच वाकडं.

"किती बायकांपैकी दीड?" मी विचारलं.

"आई, जगात तेवढ्या बायका नाहीत."

मग तिने नाणं खिडकीत धरलं. एका बाजूची कड झिजून तिरकी झाली आहे, नखाला लागते. हवेत उडताना त्याने काही बिघडत नाही. पण काचेवर फिरता फिरता वेग कमी झाला की नाणं त्या कडेवर कलतं आणि काट्यालाच वर घेऊन झोपतं.

मी उठून नाचले. खरंच नाचले. सासूबाईंनी ताल धरला. लेक मात्र माझ्या गळ्यात पडून हुंदके द्यायला लागली. एवढा आनंद! पोरीला अभ्यासाची गोडी आहे, मानलं.

१८ मार्च, सोमवार

सगळं नीट लिहिते, आजचा दिवस विसरायचा नाही.

ऑफिसात शिरले आणि म्हटलं, "साहेब, मी बोलून दाखवणार नाही. तुम्हीच फिरवा. वीस वेळा."

दारात हमालही जमले होते. साहेबांनी फिरवायला घेतलं. काटा, काटा, छापा, काटा... आधी लोक हसत होते. दहाव्या वेळी हसणं थांबलं. बाराव्याला सगळे मोठ्याने म्हणायला लागले, "काटा!" आणि काटा. विसात सोळा काटे.

साहेबांचा चेहरा पांढरा पडला. नाणं उचलून ते बघत राहिले. "मैदानावर पंच होतो तेव्हापासून हे माझ्यापाशी आहे," म्हणाले. "हवेत उडवलं की लोक म्हणायचे, पंच हातचलाखी करतो. म्हणून काचेवर फिरवायला लागलो. सगळ्यांना दिसावं म्हणून. मी कोणाला फसवलं नाही हो."

आवाज कापत होता. नाटक उत्तम जमतं माणसाला. म्हटलं, "फसलं कोण ते बघा. फसवलं कोणी ते तुमचं तुम्ही बघा."

"मग आता?" त्यांनी विचारलं. म्हाताऱ्या हमालाने आपल्या खिशातलं नाणं काढून दिलं. कोरं, चकचकीत. साहेब म्हणाले, "हवेत उडवतो. तुम्हीच सांगा काय."

"छापा."

उडालं, पडलं. छापा.

टाळ्या, शिट्ट्या. कोणी माझ्या पाठीवर थाप मारली. नवी माझी! हक्काने, सच्च्या नाण्याने माझी. मी तरातरा निघाले, नवीच्या शिडीला हात घातला, आणि सहज मागे बघितलं.

पैलवान म्हातारीच्या शिडीपाशी उभा होता. पहिल्या पायरीला दोन्ही हातांनी धरून. चढत नव्हता. पाय उचलायचा आणि पुन्हा खाली ठेवायचा. बोटं पांढरी झाली होती. पुढे सरकून बघितलं तर शर्ट पाठीला चिकटलेला, सकाळच्या गारव्यात.

"काय रे?"

"जातो ताई. जातोय." आणि मग खूप हळू, "तुम्ही यायच्या आधी रोज मीच होतो हिच्यावर. पेटी सुटली होती माझ्या हातून. खाली कोणी नव्हतं तेव्हा."

मला एकदम काहीतरी कळलं. काय कळलं ते आता शब्दांत येत नाही. एवढंच की महिनाभर मी नाणं सच्चं आहे का, हेच विचारत होते. सच्चं नाणं मिळालं, तर त्याने एवढंच केलं की माझ्या जागी याला उभं केलं. खाली हमाल तेच.

मी जाऊन शिडीच्या तोंडाशी उभी राहिले. "उतर. म्हणजे चढूच नको."

साहेब धावत आले. "बाई, आता काय? तुम्ही जिंकलात ना?"

"जिंकले. म्हणून सांगते. हिच्यावर कोणी चढणार नाही. मी नाही, हा नाही. ब्रेक उघडून दाखवा, मग बोला."

"आणि जहाजं उभी राहतील त्याचं?"

"राहू देत उभी. जहाजाला पाय नसतात, पळून जायची नाहीत."

"तुम्हाला कामावरून बंद करावं लागेल."

"करा. मी इथेच उभी आहे."

पैलवान माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.

१९ मार्च, मंगळवार

दोघंही कामावरून बंद. बेशिस्तीची ताकीद हातात दिली, सही करा म्हणाले. मी सहीच्या जागी "मान्य नाही" असं लिहिलं. पैलवानाने माझ्याकडे बघितलं आणि त्याच्या कागदावर तेच लिहिलं. त्याचं अक्षर माझ्याहून सुंदर आहे, हे नवीनच कळलं.

भीती वाटते का? वाटते. उद्या तिसऱ्याच कोणाला म्हातारीवर चढवतील आणि आम्ही घरी बसू. मग काय मिळवलं? सासूबाईंना म्हटलं, मी चुकले का? त्या म्हणाल्या, "चुकली असतीस तर मी सांगायला इतका वेळ लावला असता का?"

लेकीला सांगितलं की आता काही दिवस क्रेनच नाही. ती फक्त "बरं" म्हणाली, दोनदा वाढून घेऊन जेवली, आणि भर दुपारी जी झोपली ती दिवेलागणीला उठली. परीक्षा संपल्यासारखी. प्रकल्प झाला ना हातावेगळा.

२१ मार्च, गुरुवार

पैलवान धापा टाकत घरी आला. दुसऱ्या पाळीच्या चालकाला म्हातारीवर चढवलं. तो चढला. पण खाली हमालच उभे राहिनात. म्हातारा हमाल म्हणाला, "दोघं उगाच घरी बसले नाहीत. आधी ब्रेक दाखवा." पेटी हवेत, खाली कोणी नाही. शेवटी पेटी जिथून उचलली तिथेच टेकवून तो चालकही उतरला.

पैलवान सांगताना इतका हसत होता की त्याला ठसका लागला. मी पाणी दिलं. जाताना पिशवीतून ती निळी उशी काढून म्हणाला, "ताई, आता तरी ठेवा." ठेवली. सासूबाई तिच्यावर टेकून बसतात.

२६ मार्च, मंगळवार

वरून माणसं आली आणि ब्रेक उघडला. आम्हा दोघांनाही बोलावलं होतं. अस्तर संपून लोखंडावर लोखंड घासत होतं, बोट घातलं तर आत काजळीच काजळी. आलेल्यांपैकी एकाने तुकडा हातात घेतला आणि विचारलं, "ही चालू होती?"

साहेब खाली बघत होते. मग तेच पुढे झाले आणि म्हणाले, "या दोघांनी थांबवली. मी नाही." मला वाटलं होतं, श्रेय स्वतः घेतील. या माणसाचं मला काही कळत नाही.

काम परत मिळालं. ताकीद मात्र मागे घेतली नाही. राहू दे, माझं "मान्य नाही"सुद्धा तिथेच आहे.

२ एप्रिल, मंगळवार

म्हातारीला नवा ब्रेक, नवा दोर, खिडकीला काच. सगळे खाली जमलेले. साहेबांचा हात सवयीने खिशाकडे गेला.

"नको साहेब," मी म्हटलं. "आम्ही पाळी लावलीय. एक दिवस मी, एक दिवस हा. आज मी."

"पण पहिल्या दिवशी..."

"पहिल्या दिवशीच मी."

चढले. पेटी उचलली, अर्ध्यावर आणून ब्रेक दाबला. थांबली. केसभर हलली नाही. खाली कोणी टाळी वाजवली. मी पेटी टेकवली, पुन्हा उचलली, याहून वर नेली, थांबवली. थांबली.

"बाई, पुरे!" साहेब खालून ओरडले. "चालतोय ब्रेक, दिसलं सगळ्यांना!"

ऐकू आलं मला. मी पेटी खाली टेकवली आणि तिसऱ्यांदा उचलली.